मापसाहेब वाळवंटात जातात

इमारतीतली सगळी माणसं त्यांना मापसाहेब म्हणत आणि त्यांना ते आवडे. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पण मापसाहेब वजनमापे निरीक्षक होते आणि हे टोपणनाव त्यांना पदवीसारखं वाटे. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, वजनं खरी आहेत का ते बघायचं, पेट्रोल पंपावर लिटर म्हणजे लिटरच पडतोय ना याची खात्री करायची, आणि खोटं सापडलं की तारेत शिशाची गोळी ओवून, पकडीनं दाबून, तिथल्या तिथे सील ठोकायचं. उभ्या नोकरीत त्यांनी खोटं माप पास केलं नव्हतं, आणि ही गोष्ट ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. बढत्या इतरांना मिळाल्या. त्याचं त्यांना वाईट वाटे, पण मान ताठ होती. आता ताठ मानेनं घर चालत नाही हे खरं, पण ती ज्याची असते त्याला बरं वाटतं.

मान ताठ असण्याचं दुसरं कारण म्हणजे त्यांची गाडी. घेऊन बरीच वर्षं झाली होती तरी सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. ती ऑफिसला जायची, ऑफिसातून यायची आणि उरलेला वेळ कापडी झाकणाखाली झोपायची. दर रविवारी सकाळी मापसाहेब स्वतःचं पितळी मीटर घेऊन चारही चाकांची हवा तपासत. दाराच्या चौकटीत कंपनीनं आकड्यांचा स्टिकर लावलेला असतो ना, तो आपण कुणी वाचत नाही. मापसाहेब वाचत, आणि काटा त्या आकड्यावर येईपर्यंत गाडी जागची हलवत नसत.

तर एके दिवशी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे सगळ्या इमारतीच्या वहिनींच्या, दाढेनं उचल खाल्ली. शेजारच्या दंतवैद्याकडे त्या गेल्या. वास्तविक दंतवैद्य आणि मापसाहेब यांच्यात बोलणं नव्हतं. दंतवैद्याची उंच, दणकट गाडी पार्किंगच्या पट्ट्याबाहेर बोटभर येते, हे मापसाहेबांनी टेप लावून सिद्ध केलं होतं, तेव्हापासून दोघं लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघत उभे राहत. पण वहिनींचं म्हणणं, भांडण पार्किंगचं आहे, दाढेचं नाही. त्या तोंड उघडून खुर्चीत पडल्या तेव्हा समोर भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्यावर वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानाचं चित्र होतं. अथांग वाळू आणि मधोमध तांबड्या दगडाचा एकच सुळका. दाढ कोरून होईस्तोवर वहिनी त्या सुळक्याकडे बघत होत्या. माणसाला त्या खुर्चीत दुसरं करण्यासारखं काही नसतं. घरी येऊन, बधीर गाल सांभाळत, त्यांनी जाहीर केलं की मला तिथे जायचंय.

"जाऊ की. बस असते," मापसाहेब म्हणाले.

"बसनं नाही. आपल्या गाडीनं."

मापसाहेबांनी गाडीची नाजूक प्रकृती, वाळूचे कण, उन्हानं उडणारा रंग असं बरंच काही सांगितलं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हे बघा, कोपऱ्यावरचा रंगाचा दुकानदार गाडी मागतोय. त्याला रोज वापरायला हवी आहे. मी त्याला रविवारनंतर सांगते म्हटलंय. ही गाडी मला त्या सुळक्यापर्यंत नेऊन स्वतःच्या चाकांवर परत आली, तर राहील. दोरी लावून ओढत आणावी लागली, तर त्याला देऊन टाकायची. कपाटात ठेवायला माझ्याकडे चांगली भांडी आहेत, गाडी नको."

वहिनी फार बोलत नसत, पण जे बोलत ते करत.

ही बातमी जिन्यातून वरखाली झाली आणि सल्ले यायला लागले. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "वाळवंटात साप असतात हो. गाडीत पाय वर घेऊन बसा."

"मग ब्रेक कशानं दाबू?"

"अगदीच गरज पडली तर दाबायचा."

तळमजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर वाळवंटात जाऊन आलेले नव्हते, पण त्यांचा मेहुणा जाऊन आला होता आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी सांगितलं की गाडी बंद पडली तर घाबरायचं नाही, रेडिएटरचं पाणी पिता येतं. ते ऐकून वहिनी जे पाण्याचे कॅन भरत सुटल्या ते घरातली भांडी संपेपर्यंत. मापसाहेबांनी सगळं सामान काट्यावर वजन करून डाव्या-उजव्या बाजूला समसमान लावायला घेतलं. हिशेब अगदी शेवटपर्यंत येऊन एका ठिकाणी अडला, आणि त्यांनी वहिनींना विचारलं, "तुझं वजन किती असेल गं सध्या?"

"परत विचारा," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी परत विचारलं नाही. गाडी डावीकडे किंचित कलती राहिली, आणि त्याबद्दल जाता-येता त्यांनी चकार शब्द काढला नाही.

मग उद्यानाच्या कार्यालयाला फोन झाला. पलीकडच्या माणसानं विचारलं, "गाड्या किती?"

"एक."

"एकट्या गाडीला आत सोडत नाही."

"एकटी कशी? आम्ही दोघं आहोत."

"माणसं नाही मोजत आम्ही, गाड्या मोजतो. निदान दोन लागतात. एक रुतली की दुसरीनं ओढायची."

"आमची रुतणार नाही."

"मग दुसरी रुतेल, ती तुम्ही ओढा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

आता दुसरी गाडी आणायची कुठून? मॅनेजरांनी स्वतःची विकून टाकली होती, मेहुण्याची मेहुण्याकडे होती. सगळ्या इमारतीत वाळवंटात जाईल अशी गाडी एकच, आणि ती पट्ट्याबाहेर बोटभर उभी होती. मापसाहेब म्हणाले, मरेन पण त्याला विचारणार नाही. वहिनी म्हणाल्या, मरू नका, मी विचारते. दंतवैद्याची बायको माहेरी गेलेली, दवाखाना रविवारी बंद, आणि ती दणकट गाडी घेतल्यापासून बिचाऱ्याला कुठे खड्डासुद्धा मनासारखा मिळाला नव्हता. तो एका पायावर तयार झाला.

रविवारी पहाटे दोन्ही गाड्या निघाल्या. दंतवैद्य पुढे सुसाट जायचा, मग झाडाखाली थांबून डुलकी काढायचा. मापसाहेब पाटीवर लिहिलेल्या वेगानं, ना जास्त ना कमी, त्याच्यापाशी पोचायचे आणि काच खाली न करता पुढे जायचे. असा लपंडाव करत ऊन चढेपर्यंत मंडळी उद्यानाच्या फाटकाशी आली. तिथे एक लाकडी चौकी होती, चौकीत एक रखवालदार होता आणि त्याच्या गळ्यात दोरीला बांधलेलं हवेचं मीटर होतं.

"चाकांतली हवा निम्मी करा," रखवालदार म्हणाला.

मापसाहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "निम्मी म्हणजे?"

"निम्मी म्हणजे निम्मी. चाक मऊ पडलं की वाळूवर पसरतं, रुतत नाही. इथला नियम आहे. मी मोजल्याशिवाय फाटक उघडत नाही."

आता बघा. ज्या माणसानं इतकी वर्षं काटा त्या आकड्याखाली केसभर उतरू दिला नाही, त्याला भर उन्हात, परक्या ठिकाणी, निम्मी हवा सोडा म्हणायचं. मापसाहेबांच्या जिवावर आलं. नियम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं, आणि हवा सोडणं हातून होईना. अशा वेळी सरकारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. त्यांनी समोरच्याचं साधन तपासायला मागितलं.

रखवालदारानं मीटर काढून दिलं. मापसाहेबांनी आपलं पितळी मीटर आणि ते मीटर एकाच चाकाला आळीपाळीनं लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. रखवालदाराचं मीटर चांगलंच खोटं दाखवत होतं.

यापुढचं त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. सवयीनं झालं. ऑफिसची पिशवी ते रविवारीही खांद्यावरून उतरवत नसत; हात आपोआप तिच्यात गेला, तार निघाली, शिशाची गोळी निघाली, पकड निघाली, आणि रखवालदार तोंड उघडेपर्यंत त्याच्या मीटरला सील ठोकून झालं होतं.

"हे काय केलंत साहेब?"

"खोटं माप आहे. वापरता येणार नाही. सील तोडलंत तर गुन्हा आहे."

दंतवैद्य गाडीतून उतरून आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो मापसाहेबांशी थेट बोलला. "अहो, तुमचा अधिकार आपल्या शहरापुरता ना? इथे तुमचं सील चालतं का?"

प्रश्न बिनतोड होता. पण आपलं सील कुठेतरी चालत नाही, हे मापसाहेब कबूल करणं शक्य नव्हतं, आणि शिसं बघून रखवालदाराची पाचावर धारण बसली होती. तो हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, "मी नाही बुवा हात लावत. पण मीटर नाही तर फाटक नाही."

तोवर मागे दोन-तीन गाड्या येऊन लागल्या होत्या. भोंगे वाजायला लागले. शेवटी वहिनींनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अहो, तुमच्याकडे आहे ना खरं मीटर? मग तुम्हीच मोजा सगळ्यांचं."

आणि काय सांगू, मापसाहेब खुलले. त्यांनी बाह्या वर केल्या. दंतवैद्याच्या गाडीच्या चारही चाकांची हवा अशी मोजून उतरवली की काटा बरोबर निम्म्या आकड्यावर. मागच्यांचीही उतरवली. लोक आभार मानत होते. एका बाईंनी थंडगार सरबत दिलं. रखवालदार प्रत्येक गाडीपाशी येऊन विचारी, "साहेब, ठीक?" आणि मापसाहेब म्हणत, "ठीक." तेवढ्या शब्दावर फाटक उघडायचं. इतका मान त्यांना ऑफिसात कधी मिळाला नव्हता.

सगळ्यांचं झालं आणि मग त्यांची स्वतःची गाडी राहिली. मापसाहेब पुढच्या चाकापाशी बसले. व्हॉल्व्हवर बोट टेकलं, फुस्स असा आवाज आला आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. त्यांनी बोट काढून घेतलं. बाकीच्या तीन चाकांपाशी ते नुसतेच वाकले आणि उठले.

"साहेब, ठीक?" रखवालदारानं विचारलं.

मापसाहेब म्हणाले, "ठीक."

आयुष्यातलं पहिलं खोटं माप त्यांनी पास केलं, आणि तेही स्वतःचं. फाटक उघडलं.

आत गेल्यावर मात्र सगळं विसरायला झालं. रस्ता म्हणजे वाळूत उमटलेल्या चाकोऱ्या, बाकी क्षितिजापर्यंत काही नाही. वहिनी काच खाली करून बसल्या होत्या. लांबून तो तांबडा सुळका दिसला तेव्हा त्यांनी मापसाहेबांच्या हातावर हात ठेवला. मापसाहेबांना वाटलं, आपण उगीच इतकी वर्षं गाडी झाकून ठेवली. आणि नेमकं तेव्हाच गाडी घरघरली, मागून खाली बसली आणि थांबली. टणक, फुगलेली, स्टिकरबरहुकूम हवेची चाकं वाळूत खोल गेली होती.

वहिनी उतरल्या. सुळका हाकेच्या अंतरावर होता. "तुम्ही बघा काय ते," म्हणून त्या सुळक्याकडे चालत गेल्या. मापसाहेबांनी गाडी पुढे घेतली, मागे घेतली, आणखी खोल घातली. दंतवैद्य आपली गाडी वळवून परत आला. सगळं बघितलं. मग तो मापसाहेबांच्या मऊ न पडलेल्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिला. किडका दात सापडला की दंतवैद्य काही बोलत नाहीत, नुसतं हं करतात.

"हं," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मापसाहेब, वहिनींची अट मला ठाऊक आहे. दाढ भरायला परत आल्या होत्या तेव्हा खुर्चीतून हातवारे करून सांगितलं त्यांनी. आत्ता त्यांची पाठ आहे. दोरी लावतो, क्षणात बाहेर काढतो, दोरी परत डिकीत. कुणाला काही कळणार नाही."

हा शेजारी खरोखर मनानं चांगला होता. बोटभर पुढे असेल, पण चांगला होता. मापसाहेबांनी दोरीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. गाडी जाईल, रंगाचा दुकानदार तिच्यात डबे कोंबेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एका खोट्या मापावर दुसरं खोटं माप चढवायचं, हे ज्या दुकानदारांना त्यांनी जन्मभर धारेवर धरलं त्यांचं काम.

"नको," ते म्हणाले आणि वाळू तुडवत वहिनींपाशी गेले.

वहिनी सुळक्याच्या सावलीत उभ्या होत्या. "मी फाटकावर खोटं सांगितलं," मापसाहेब म्हणाले. "हवा सोडलीच नाही. म्हणून रुतली."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"चार चाकं होती, फुस्स एकदाच झालं. मी गाडीतच बसले होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला खोटं बोलताना मी आजवर पाहिलं नव्हतं. म्हटलं, बघू तरी कसं जमतंय."

"जमलं का?"

"नाही. कान लाल झाले होते." मग वहिनी म्हणाल्या, "दोरी लावणार का?"

"आधी हवा सोडून बघतो. नाही निघाली तर लाव म्हणतो त्याला. दिली गाडी तर दिली."

त्यांनी वाळूत गुडघे टेकले आणि चारही चाकांची हवा सोडली. काटा निम्म्या आकड्यावर येईपर्यंत, मनापासून, एकदाही मान न फिरवता. दंतवैद्यानं हातानं वाळू उपसली, वहिनींनी मागून जोर लावला. गाडी दोनदा कण्हली, तिसऱ्यांदा हलली आणि मऊ चाकांवर डुलत वर आली. दोरीला कुणी हात लावला नव्हता. मापसाहेबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

पण खरी परीक्षा पुढेच होती. दुपार कलताना ते फाटकाशी परत आले, तर बाहेर गाड्यांची ही एवढी रांग लागलेली. माणसं उन्हात उभी, पोरं रडताहेत, एकजण रखवालदाराच्या अंगावर धावून जातोय आणि रखवालदार सील ठोकलेलं मीटर ढालीसारखं पुढे धरून ओरडतोय, "मी काही करू शकत नाही. मापवाले साहेब आत गेलेत. ते आल्याशिवाय एकही गाडी सोडणार नाही." म्हणजे मापसाहेब आत गेल्यापासून उद्यान बंद होतं.

मापसाहेब उतरले तशी गर्दी त्यांच्याकडे वळली.

"तुम्हीच का ते?" धावून जाणाऱ्या गृहस्थांनी विचारलं.

"मीच." दंतवैद्यानं मागून हळूच म्हटलं, "मोजून मोकळं व्हा. बाकी काही बोलू नका." सल्ला शहाणपणाचा होता. पण मापसाहेबांना तो पाळता आला नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "या मीटरला सील मी ठोकलं. ते खोटं दाखवत होतं, म्हणून ठोकलं, आणि त्यामुळे तुमची दुपार वाया गेली. माझ्याकडचं मीटर खरं आहे. पण एक गोष्ट सांगायला हवी. सकाळी इथे मी माझ्याच गाडीचं माप खोटं सांगितलं. गाडीवरच्या मायेनं सांगितलं. आत जाऊन रुतलो. तेव्हा मी मोजतो, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. प्रत्येकानं वाकून काटा स्वतः बघा."

रखवालदार आ वासून बघत राहिला. रांगेत पहिली गाडी एका म्हाताऱ्या बाईंची होती. त्या सावकाश उतरल्या, मापसाहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "माझे गुडघे वाकत नाहीत. तुम्हीच बघा आणि सांगा."

"पण बाई, मी आत्ताच म्हटलं—"

"ऐकलं मी. म्हणून तर सांगतेय."

मापसाहेब त्यांच्या चाकापाशी खाली बसले. मागची गाडी थोडी पुढे सरकली. धावून जाणारे गृहस्थ काही तरी पुटपुटले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. एका चाकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, आणि वाकून काटा बघायला कुणी आलं नाही. मापसाहेब मात्र प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत होते, शेवटच्या गाडीलाही ऐकू जावा इतक्या मोठ्यानं.

रांगेतली एक तरुण मुलगी वहिनींच्या खिडकीपाशी आली. "ते कोण आहेत हो? सरकारी साहेब आहेत का कुणी?"

वहिनींनी मापसाहेबांकडे पाहिलं. पँट गुडघ्यांवर मळलेली, केसांत वाळू, कान उन्हानं लाल. ऑफिसात बढतीचा हार दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडलेला पाहून नवरा घरी आला की त्याला काय म्हणावं हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. आज त्यांचा ऊर भरून आला होता.

"ते होय?" त्या म्हणाल्या. "आमचे आहेत."

एवढं म्हणून त्या गाडीतून उतरल्या आणि रांग वाकडी झाली होती, ती सरळ करायला लागल्या.